गृहपाठ ऑनलाइन झाला, प्रश्न मात्र गाईडमधलाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राचा गृहपाठ आता बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत फोनवर येतो. कुठे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर प्रश्न टाकला जातो, कुठे गूगल फॉर्मची लिंक येते, कुठे गूगल क्लासरूमवर 'या विषयावर चर्चा करा' अशी एका ओळीची सूचना असते. मुले उत्तरे उचलून चिकटवतात, अशी पालकांची तक्रार आहे आणि शिक्षकांचीही. तक्रार खरीच आहे. पण 'मागणीचा नियम सांगून त्याचे अपवाद स्पष्ट करा' असा प्रश्न फोनवर धाडल्यावर दुसरे काय होणार? त्याचे उत्तर गाईडमध्ये आहे, यूट्यूबवर आहे, आणि चॅटजीपीटीला विचारले तर काही सेकंदांत नीटनेटक्या मराठीत हजर होते. ऐंशींच्या तुकडीतून ऐंशी सारखी उत्तरे येतात, कारण त्या प्रश्नात विद्यार्थ्याचे स्वतःचे काहीच नसते. फोनला दोष देण्याआधी प्रश्न तपासावा, हे आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांचे म्हणणे. असे प्रश्न कसे घडवायचे, ते घेताना कुठे अडते, हे इथे तपशिलाने मांडतो. शेवटी एक विनंती वृत्तपत्रांनाही आहे.

आधी गणिती प्रश्न. मागणीच्या लवचिकतेचे, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते याचे, उदाहरण सगळ्यांना एकच दिले की एक मुलगा सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात. उपाय सोपा आहे. प्रश्नातला एक आकडा हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून येऊ द्यावा. उदाहरणार्थ : एका वस्तूची किंमत २० रुपयांवरून २५ रुपये झाली. आधीची मागणी १०० नग होती. नंतरची मागणी = ८० वजा तुमच्या हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या अंकाची दुप्पट. हजेरी क्रमांक ३७ असेल तर अंक ७, म्हणून मागणी ८० − १४ = ६६ नग. किंमत २५ टक्क्यांनी वाढली, मागणी ३४ टक्क्यांनी घटली, म्हणून लवचिकता ३४ भागिले २५, म्हणजे १.३६. एका तुकडीत दहा वेगवेगळी उत्तरे तयार होतात आणि शेजाऱ्याचे उतरवून चालत नाही.

हेच आकडे निवडण्याला आणखी एक कारण आहे. याच उदाहरणात एकूण खर्च पद्धतीनेही उत्तर काढायला सांगावे. या पद्धतीत किंमत वाढल्यावर एकूण खर्च वाढला तर मागणी कमी लवचीक, घटला तर जास्त लवचीक, तेवढाच राहिला तर एकक लवचीक. ज्यांचा शेवटचा अंक ० आहे त्यांची नवी मागणी ८० नग. टक्केवारी पद्धतीने लवचिकता २० भागिले २५, म्हणजे ०.८. एकाहून कमी, म्हणून कमी लवचीक. पण एकूण खर्च आधी २० × १०० = २००० आणि नंतर २५ × ८० = २०००, म्हणजे जसाच्या तसा. या पद्धतीने मागणी एकक लवचीक ठरते. शेवटचा अंक १ किंवा २ असलेल्यांची पंचाईत याहून मोठी. अंक २ घेतला तर मागणी ७६, टक्केवारी पद्धतीने ०.९६, म्हणजे कमी लवचीक. खर्च मात्र १९०० वर उतरतो, म्हणजे जास्त लवचीक. ३ पासून ९ पर्यंतच्या अंकांना दोन्ही पद्धती एकच निष्कर्ष देतात. तुकडीतल्या सात दशांश मुलांची उत्तरे जुळतात, तीन दशांश मुलांची जुळत नाहीत, आणि कोणाचेही गणित चुकलेले नसते. चर्चेला याहून चांगला प्रश्न मिळणे कठीण : 'दोन्ही पद्धती बरोबर असताना निष्कर्ष वेगळा का येतो?'

कारण टक्केवारी ज्या आकड्यावर काढतो त्या पायात आहे. २० वरून २५ ही २५ टक्के वाढ, पण २५ वरून २० ही २० टक्केच घट. १०० वरून ८० आणि ८० वरून १०० यांचेही तसेच. अंक ० असलेल्या मुलाने हेच उदाहरण उलट्या दिशेने सोडवले तर लवचिकता १.२५ येते. दोन्ही किमतींची सरासरी २२.५० आणि दोन्ही नगांची सरासरी ९० पाया धरून टक्केवारी काढली की दोन्ही बदल २२.२ टक्के निघतात, लवचिकता बरोबर १ येते आणि खर्च पद्धतीशी जुळते. किमतीतला बदल जितका मोठा तितकी ही तफावत मोठी, हेही मुलांना दोन-तीन उदाहरणांत स्वतः सापडते. पाठ्यपुस्तकात दोन्ही पद्धती आहेत. त्या एकमेकींशी भांडू शकतात हे मात्र असे आकडे हाती आल्याशिवाय लक्षात येत नाही.

हा प्रश्न गूगल फॉर्मवर घेताना तीन गोष्टी हमखास बिघडतात. फॉर्मची उत्तरसूची सगळ्यांना एकच असते, त्यामुळे दहा वेगवेगळी उत्तरे तो आपोआप तपासू शकत नाही. हजेरी क्रमांक आणि उत्तर असे दोन रकाने घ्यावेत, प्रतिसाद शीटमध्ये उतरवावेत आणि शेवटचा अंक वेगळा करून अपेक्षित उत्तर काढणारे सूत्र तिथे एकदाच लिहून खाली ओढावे. दुसरे, मराठी कीबोर्ड वापरणारी मुले आकडे देवनागरीत लिहितात. शीट त्यांना संख्या न मानता अक्षरे मानते आणि बरोबर उत्तरही चूक दाखवते. एरवी आम्ही देवनागरी अंकांचा आग्रह धरू, पण या एका रकान्यापुरते इंग्रजी अंक लिहायला सांगावे लागते. तिसरे, कोणी उणे चिन्ह लावतो, कोणी १.४ लिहितो, कोणी 'जास्त लवचीक' असे शब्द लिहितो. म्हणून 'उणे चिन्ह न लावता, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, फक्त आकडा' ही सूचना प्रश्नातच हवी. वहीतल्या रीतीचा फोटो मागायचा असेल तर फॉर्ममध्ये फाइल जोडण्यासाठी गूगल खात्यात साइन-इन करावे लागते हे लक्षात ठेवावे. घरात एकच फोन आणि तोही वडिलांच्या खात्यावर असेल तर मुलगी तिथेच अडते. रीत वहीत राहू द्यावी आणि वर्गात पाहावी. फोनवर आकडा आणि दोन वाक्ये पुरे.

आता चर्चेच्या प्रश्नांकडे. अर्थशास्त्राला ताजे आकडे लागतात आणि ते फुकट उपलब्ध आहेत. राज्य कृषी पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतो. नाशिक जिल्ह्यात लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतचा कांदा घ्यावा, इतरांनी आपल्या जवळच्या समितीचा मुख्य शेतमाल घ्यावा. दोन आठवड्यांचे आकडे उतरवून मुलांनी सांगायचे : दर बदलला तो मागणीमुळे की पुरवठ्यामुळे? ही वक्रावरची (फक्त किमतीमुळे झालेली) हालचाल आहे की (दुसऱ्या कारणाने) वक्रच सरकला?

इथे चुका ठरलेल्या असतात आणि त्या होऊ दिल्या पाहिजेत. आवक वाढली आणि दर उतरला हे पाहून मुले लिहितात, 'दर कमी झाला तरी पुरवठा वाढला, म्हणजे पुरवठ्याचा नियम खोटा ठरला.' खरे तर पुरवठा वक्रच सरकलेला असतो. दुसरी चूक अधिक खोल आहे. चौदा दिवसांचे दर आणि आवक आलेखावर मांडून ते बिंदू जोडायचे आणि त्यालाच मागणी वक्र म्हणायचे. प्रत्येक दिवसाचा बिंदू म्हणजे त्या दिवशीची मागणी आणि त्या दिवशीचा पुरवठा जिथे भेटले ती जागा. दोन्ही वक्र रोज थोडे सरकत असतील तर ते बिंदू ना मागणी वक्र दाखवतात ना पुरवठा वक्र. एवढे समजले की मागणीतील विस्तार-संकोच (वक्रावरची हालचाल) आणि वृद्धी-ऱ्हास (वक्रच सरकणे) यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही. आकडे उतरवतानाही डोळसपणा लागतो. दिवाळीत लिलाव काही दिवस बंद असतात आणि उघडल्यावर तुंबलेली आवक एकदम येते. त्या दोन दिवसांची तुलना केली तर निष्कर्ष फसतो. लाल आणि उन्हाळ कांद्याचे दर एकाच रकान्यात मिसळले तरी तेच. किमान दर हा बहुधा हलक्या प्रतीच्या मालाचा असतो, तो धरून 'कांदा मातीमोल' असे लिहिणाऱ्यांना सर्वसाधारण दर पाहायला सांगावे.

कांद्यावर आणखी बोलायला हवे, कारण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी पुरवठ्याची लवचिकता शिकवायला यापेक्षा चांगला माल नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला ती खुली केली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही हटले. या तारखा देऊन 'निर्यातबंदी योग्य की अयोग्य?' असे विचारले तर घोषणा मिळतात. त्याऐवजी असे विचारावे : डिसेंबरात बाजारात येणारा कांदा कोणता आणि मे महिन्यात येणारा कोणता? शेतकऱ्याला दर पटला नाही तर दोन्ही वेळी तो माल किती दिवस थांबवू शकतो?

डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही. तो काढला की विकावाच लागतो, म्हणजे त्या वेळी पुरवठा जवळजवळ ताठ, म्हणजे दराने न हलणारा, असतो आणि मागणीतला छोटा ऱ्हासही दराला मोठा धक्का देतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, चार-पाच महिने राहतो, म्हणून मे महिन्यात शेतकऱ्यापाशी थांबण्याचा पर्याय असतो आणि पुरवठा अधिक लवचीक असतो, चाळ असेल तर. ज्याच्यापाशी चाळ नाही किंवा ज्याला सोसायटीचे कर्ज फेडायचे आहे, त्याच्यासाठी उन्हाळ कांदाही लाल कांद्यासारखाच वागतो. ही गोष्ट कांदा पिकवणाऱ्या घरातली मुले आपणहून लिहितात. शहरातल्या मुलांना ती त्यांच्याकडून कळते, आणि ऑनलाइन चर्चेचा खरा उपयोग हाच आहे. शिक्षकाने इथे एक धागा सुटू देऊ नये : डिसेंबरात खरिपाची आवकही वाढत असते. निर्यातीची मागणी गळाली आणि त्याच सुमारास पुरवठा वाढला, तर दरातली सगळी घसरण बंदीच्या खात्यावर टाकता येत नाही. दोन्ही कारणे वेगळी कशी करायची, यावर बारावीच्या मुलाने निदान अडखळायला तरी हवे.

मे २०२४ च्या अटींचा हिशेबही मुलांकडून करून घ्यावा. ५५० डॉलरवर ४० टक्के शुल्क २२० डॉलर, म्हणून टनाला ७७० डॉलर. डॉलर ८३.५० रुपये धरला तर किलोला सुमारे ६४ रुपये. निर्यात 'खुली' झाली म्हणजे नेमके काय झाले, हे या एका ओळीच्या गणिताने कळते.

अशा विषयात भावना तापतात. आमचा सल्ला असा की बाजू निवडू देऊ नये, वाटून द्यावी. कांदा उत्पादकाच्या मुलीला पुण्या-मुंबईच्या ग्राहकाची बाजू, शहरी मुलाला उत्पादकाची, कोणाला निर्यातदाराची, कोणाला मजुराची. ज्या बाजूने लिहायचे तिचा किमान एक आकडा तारखेसह द्यायचा. पक्षांची आणि नेत्यांची नावे घ्यायची नाहीत. शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत सांगू नये.

महागाईचा पाठ फोनवर उत्तम घेता येतो, पण तिथे खबरदारी हवी. 'तुमच्या घराचा महिन्याचा खर्च लिहा' असा प्रश्न कधीही देऊ नये. गटावर उत्पन्न उघडे पडते आणि मुले संकोचून खोटे आकडे लिहितात. रुपये वहीत राहू द्यावेत, फोनवर फक्त टक्केवारी मागावी : खाद्यपदार्थ, कपडे-पादत्राणे, घरभाडे, इंधन-वीज, आणि शिक्षण, औषधे, प्रवास यांसारखे उरलेले. मग ती सरकारी भारांशी, म्हणजे निर्देशांकात त्या त्या खर्चाला शेकडा किती वजन दिले आहे त्याच्याशी, ताडून पाहावी. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा भार ग्रामीण भागात ५४.१८, शहरी भागात ३६.२९ आणि एकत्रित ४५.८६ होता. घराचा भार शहरात २१.६७, ग्रामीण निर्देशांकात शून्य. 'शून्य का?' हा प्रश्न मुलांनी विचारायलाच हवा. आपल्या घरातली टक्केवारी यापेक्षा वेगळी निघाली की एकच महागाई दर सगळ्यांना सारखा का लागत नाही, हे सांगावे लागत नाही. मुले इथे तीन चुका करतात : कर्जाचा हप्ता आणि भिशी खर्चात धरतात, जूनमधली वर्षाची फी एका महिन्यावर टाकतात, आणि घरच्या शेतातली ज्वारी, बाजरी, दूध मोजतच नाहीत. घरचे धान्य गावातल्या चालू भावाने मोजायचे असते.

त्याच पाठात एक छोटा प्रश्न दर वर्षी द्यावा. निर्देशांक १८० होता, वर्षाने १८९ झाला, पुढच्या वर्षी १९४.६७. महागाईचा दर ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला, मग वस्तू स्वस्त झाल्या का? 'हो' म्हणणाऱ्यांची संख्या पाहून शिक्षकाला पुढचा तास कशावर घ्यायचा ते कळते.

बेरोजगारीसाठी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातले दोन आकडे शेजारी ठेवावेत. जुलै २०२३ ते जून २०२४ या काळात १५ वर्षांवरील लोकांत बेरोजगारीचा दर नेहमीच्या स्थितीनुसार ३.२ टक्के, चालू साप्ताहिक स्थितीनुसार ४.९ टक्के. सर्वेक्षण एक, काळ एक, तरी दर दोन. संदर्भकाळ वर्षाचा की आठवड्याचा, आणि हंगामी मजूर कोणत्या मोजणीत निसटतो, हे मुलांनी शोधावे.

आता चर्चा चालवण्याची रीत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिले उत्तर सगळ्यांना दिसणे. ते दिसले की पुढची चाळीस 'सहमत' एवढीच येतात. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीत असा मंच आहे की स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्यांचे दिसत नाही. ते नसेल तर पहिले उत्तर फॉर्मवर घ्यावे आणि मुदत संपल्यावर नावे काढून निवडक उत्तरे गटावर टाकावीत. सोमवारी प्रश्न, बुधवारी रात्रीपर्यंत स्वतःचे ८०-१०० शब्द, शुक्रवारपर्यंत दुसऱ्या एकाच्या उत्तरावर आक्षेप किंवा भर. दोन दिवसांहून कमी मुदत देऊ नये, फोन कामावरून संध्याकाळीच घरी येतो. 'छान लिहिलेस' हे उत्तर धरायचे नाही. ज्याला मराठी टंकायला जड जाते त्याने बोलून टंकलेखन वापरावे, पण पाठवण्याआधी वाचावे. 'मागणी' चे 'मागणे' झालेले सापडते.

ऐंशी मुलांचे सगळे वाचणे एका शिक्षकाला शक्य नाही, आणि तसा आव आणल्यानेच हा उपक्रम महिन्याभरात बंद पडतो. आठ-आठ जणांचे दहा गट करावेत. प्रत्येक गटाने एक सारांश द्यावा : आमचे कशावर जमले, कशावर नाही, कोणता आकडा निर्णायक ठरला. हे दहा सारांश बारकाईने वाचावेत, आणि दर वेळी वेगवेगळी आठ वैयक्तिक उत्तरे. गुण दहा : तारखेसह आकड्याला २, रीतीला ३, संकल्पना नेमकी लावण्याला २, दुसऱ्याच्या मुद्द्याला दिलेल्या उत्तराला ३.

यंत्राने लिहिलेले उत्तर ओळखण्यासाठी सॉफ्टवेअर शोधत बसू नये. तोंडी परीक्षा आपल्याकडे आहेच. बारावीला लेखी ८० आणि प्रकल्प-तोंडीचे २० गुण आहेत, त्या वीस गुणांत हे काम बसते. 'तुझ्या उदाहरणात ६६ ऐवजी ८४ नग असते तर?' एवढे विचारावे. ज्याने स्वतः केले आहे तो मिनिटाभरात ०.६४ सांगतो, आणि खर्च २१०० वर गेला म्हणून दोन्ही पद्धती इथे जुळतात हेही सांगतो. ज्याने उचलले आहे त्याला कोणता आकडा कुठून आला हे आठवत नाही. मुलांनी यंत्राची मदत घेतली तरी आमची हरकत नाही. यंत्राचे उत्तर जोडून 'यात आपल्या बाजार समितीच्या आकड्यांशी न जुळणारे वाक्य कोणते?' असा प्रश्न करावा. अशी वाक्ये बहुधा सापडतात.

ही मुले बहुतेक अठरा वर्षांखालची आहेत हेही विसरू नये. व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. गटप्रमुखामार्फत किंवा फॉर्मने काम होत असेल तर मोठा गट टाळावा आणि पालकांची संमती आधी घ्यावी.

आता वृत्तपत्रांना विनंती. आमच्या विद्यार्थ्यांचे अर्धे आकडे आपल्या पानांवरून येतात. बाजारभावाच्या चौकटीत दर असतात, पण आवक, मालाचा प्रकार आणि दर क्विंटलचा की दहा किलोचा, हे पुष्कळदा नसते. आवकेशिवाय नुसत्या दरावरून मागणी-पुरवठ्याबद्दल काहीच सांगता येत नाही. महागाईच्या बातमीत आधारवर्ष आणि तुलना मागच्या महिन्याशी की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, हे दोन तपशील द्यावेत. आधारवर्ष बदलले की भार बदलतात आणि जुना निर्देशांक नव्याशी थेट ताडता येत नाही, हे बातमीत एका वाक्याने सांगता येते. बेरोजगारीचा आकडा कोणत्या स्थितीनुसार आहे तेही लिहावे. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ५.५० वरून ५.२५ झाला, ही ०.२५ टक्के-बिंदूंची घट आहे, टक्केवारीत ती साधारण साडेचार होते. 'पाव टक्का कपात' या मथळ्यावरून मुले कर्जाच्या हप्त्याचे गणित चुकवतात. आणि बाजारभावाची चौकट आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणा, पूर्ण आठवड्याची दर व आवक शेजारी ठेवून छापली, तर ज्या गावात नेट सलग चालत नाही तिथला शिक्षकही त्या कात्रणावर सोमवारचा प्रश्न तयार करू शकेल.

कळावे.

आपले,
कनिष्ठ महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
नाशिक जिल्हा